घटक ४ : छंद, सर्जनशीलता आणि ज्येष्ठ स्त्रियांचे स्वास्थ्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –

• 'छंद' या शब्दाच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• मराठी स्त्रियांच्या पारंपरिक कामात सामावलेली सर्जनशीलता सोदाहरण सांगता येईल.
• छंद आणि ज्येष्ठ स्त्रियांचे स्वास्थ्य यांविषयीच्या संशोधनाचे निष्कर्ष व त्यांच्या मर्यादा सांगता येतील.
• छंद स्वास्थ्यकारक ठरण्यासाठी आवश्यक असलेल्या अटी विशद करता येतील.
• आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीशी संवाद साधून तिच्या कलेविषयी टिपण तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नागपूर शहराच्या दक्षिण भागात सक्करदरा ही जुनी वस्ती आहे. भोसले राजघराण्याशी निगडित असलेला वाडा, सक्करदरा तलाव, उमरेड रस्त्यावरील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि बुधवारचा बाजार ही या भागाची ओळख. जुन्या घरांच्या शेजारी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, अंगणे आखडली आणि एकाच घरातील तीन पिढ्यांचे दिवस तीन वेगळ्या वेळापत्रकांनी चालू लागले. हे चित्र केवळ सक्करदऱ्याचे नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी वस्तीत तुम्हांला ते दिसेल. मात्र अभ्यास करताना एखादी ठरावीक जागा डोळ्यांसमोर असली, की विचार नेमका होतो. म्हणून या घटकात आपण सक्करदरा ही वस्ती नजरेसमोर ठेवणार आहोत.

अशा वस्तीतील साठी-सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजींना तुम्ही सहज विचारले, की 'आजी, तुमचा छंद कोणता?', तर बहुधा उत्तर येते, 'कसला आला छंद! काम करता करताच जन्म गेला.' हे उत्तर खरे आहे आणि अपुरेही आहे. खरे अशासाठी, की छंदासाठी वेगळा वेळ काढण्याची मुभा त्या पिढीतील बहुतेक स्त्रियांना नव्हती. अपुरे अशासाठी, की त्याच आजींच्या हाताला शंभर ठिपक्यांची रांगोळी येते, महिनाभर पुरतील एवढी भुलाबाईची गाणी त्यांना पाठ असतात आणि जुन्या लुगड्यांतून त्यांनी शिवलेल्या गोधड्या घरातील नातवंडे आजही पांघरतात. मग या सर्जनशीलतेला त्या स्वतः छंद का म्हणत नाहीत? ती नाहीशी झाली, तर त्यांच्या स्वास्थ्यावर काय परिणाम होतो? आणि ती टिकायची असेल, तर काय हवे? या तीन प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत घटकात करू.

येथे 'ज्येष्ठ' हा शब्द साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी वापरला आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणविषयक कायद्यातही हीच वयोमर्यादा मानली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयोगटातील लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यांत सुमारे ५.३ कोटी स्त्रिया आणि ५.१ कोटी पुरुष होते. म्हणजे उतारवयात स्त्रियांची संख्या अधिक असते. पतीपेक्षा वयाने लहान आणि आयुर्मान अधिक, यामुळे आयुष्याचा अखेरचा टप्पा जोडीदाराशिवाय काढण्याची वेळही स्त्रीवरच अधिक येते. म्हणून हा विषय फावल्या वेळाच्या मनोरंजनापुरता मर्यादित राहत नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'छंद' या शब्दाचा अर्थविस्तार

मराठीच्या विद्यार्थ्याला 'छंद' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. काव्यशास्त्रात तो पद्यरचनेच्या लयबद्ध बंधाला उद्देशून येतो. ओवी आणि अभंग यांचा अभ्यास तुम्ही छंद म्हणूनच करता. व्यवहारात मात्र छंद म्हणजे मनापासून जडलेली आवड. 'त्याला गाण्याचा छंद आहे' असे आपण म्हणतो. तोच शब्द निंदेच्या अंगानेही येतो. 'छंदीफंदी' हे त्याचे उदाहरण. तान्ह्या मुलाने एखाद्या वस्तूसाठी 'छंद घेतला' असे म्हणताना त्यात हट्टाची छटा असते.

या सर्व अर्थांच्या मुळाशी संस्कृतातील 'छन्द' म्हणजे इच्छा, मर्जी, आवड हा अर्थ आहे. 'स्वच्छंद' या शब्दात तो स्पष्ट दिसतो. स्वतःच्या इच्छेने वागणारा तो स्वच्छंद. हा शब्दार्थ आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. छंदाचा गाभा इच्छा हा आहे, रिकामा वेळ नव्हे. ज्या कृतीत करणाऱ्या व्यक्तीची स्वतःची मर्जी आहे, ती कृती छंद होऊ शकते. ज्या कृतीत ती नाही, ती कितीही कलात्मक असली तरी काम किंवा कर्तव्य राहते. आजी 'कसला आला छंद' असे म्हणतात, तेव्हा आपल्याला कला येत नव्हती, असे त्यांना सुचवायचे नसते. आपली मर्जी कोणी विचारली नाही, हे त्या सांगत असतात.

४.२.२ कामात गुंफलेली कला

स्त्रियांच्या पारंपरिक जीवनात कला ही कामापासून वेगळी काढून ठेवलेली नव्हती. पहाटे जात्यावर दळताना ओवी म्हटली जाई. दळण हे कष्टाचे काम होते. त्याचा खुंटा फिरवताना निर्माण होणारी लय ओवीला मिळे आणि ओवीमुळे कष्ट हलके होत. अक्षरसंख्येचे काटेकोर बंधन न मानणारा ओवीचा बंध अशा कामाला सोयीचा होता. दोन ओळींत आपले म्हणणे मांडावे, सोबतीने दळणाऱ्या स्त्रीने ते उचलावे, त्यात आपली भर घालावी, अशी ही रचना होती. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, लेकीची पाठवणी असे विषय त्यांत येत. जे दिवसा उघडपणे बोलता येत नव्हते, ते पहाटे जात्याला सांगता येत होते.

या ओव्यांचा विस्तार केवढा मोठा होता, याची कल्पना हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या संकलनावरून येते. पुण्याच्या 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेच्या माध्यमातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्या सांगणाऱ्यांत वयस्क स्त्रिया मोठ्या प्रमाणावर होत्या, कारण जात्यावर दळलेली पिढी तीच होती.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण तुम्हांला परिचित आहे. जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचना केल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्या लिहून घेतल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणीतरी शेजारी बसून लिहून घेतले, म्हणून ही कविता वाचली. ज्यांच्याजवळ असे लिहून घेणारे कोणी नव्हते, अशा किती स्त्रियांच्या रचना त्यांच्याबरोबरच संपल्या असतील, याची मोजदाद करता येणार नाही.

विदर्भाच्या संदर्भात भुलाबाईचा उल्लेख आवश्यक आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागरीपर्यंत, मुली भुलाबाई मांडतात. मातीच्या मूर्ती, समूहाने म्हटलेली गाणी, टाळ्यांचा किंवा टिपऱ्यांचा ठेका आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखण्याचा खेळ असे या उत्सवाचे रूप असते. हा मुलींचा उत्सव असला, तरी गाण्यांचा साठा घरातील आजी-मावश्यांजवळ असतो. कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे येते, चाल कुठे बदलते, हे त्याच सांगतात. म्हणजे या उत्सवात ज्येष्ठ स्त्री ही शिकवणारी असते, आणि शिकवणाऱ्याला घरात एक स्थान असते.

उन्हाळी वाळवणाचेही तसेच. नागपूरच्या कडक उन्हात गच्चीवर किंवा अंगणात शेवया, कुरडया, पापड आणि विदर्भाचे खास सरगुंडे तयार होत. काडीवर कणकेची बारीक तार एकसारखी गुंडाळून सरगुंडा काढून घेणे हे हाताच्या सफाईचे काम. ते एकटीने करण्याचे नव्हे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असे ते चाले. त्यात गप्पा, थट्टा, गाणी आणि गाऱ्हाणी यांना मोकळीक असे. गोधडी शिवताना जुन्या कापडांच्या तुकड्यांची रंगसंगती साधणे, दारात रोज नवी रांगोळी काढणे, भजनात टाळांच्या ठेक्यावर पदे म्हणणे ही सर्व याच परंपरेची रूपे होत.

*आपली प्रगती तपासा – १*
(अ) 'छंद' या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ कोणता?
(आ) जात्यावरची ओवी आणि दळणाचे काम यांचा संबंध दोन वाक्यांत सांगा.
(इ) भुलाबाईच्या उत्सवात ज्येष्ठ स्त्रियांची भूमिका कोणती असते?

४.२.३ काम गेले, कला निराधार झाली

पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. ही घटना स्त्रियांच्या दृष्टीने स्वागतार्हच होती. रोज पहाटे दळणाचे कष्ट उपसणाऱ्या स्त्रीला जात्याबद्दल हळहळ वाटावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. जात्याचा गौरव करताना हे विसरू नये. परंतु कष्टांबरोबर ओवी म्हणण्याची वेळ, जागा आणि सोबतीणही गेली. पापड-कुरडया दुकानात मिळू लागल्या, तेव्हा वाळवणाचा एकत्र जमण्याचा प्रसंग गेला. सदनिकेच्या दारापुढे रांगोळीपुरती चार फरश्यांची जागा उरली. कष्ट कमी झाले ही कमाई खरी, पण त्या कष्टांना जोडलेली अभिव्यक्ती आणि सोबत यांची भरपाई आपोआप झाली नाही.

या बदलाची झळ ज्येष्ठ स्त्रीला सर्वाधिक लागते. तरुण स्त्रीला नोकरी, शिक्षण, समाजमाध्यमे यांतून नवी क्षेत्रे मिळतात. पुरुषाला निवृत्तीनंतर चौकातील कट्टा आणि बागेतील मंडळी बहुधा मिळतात. ज्येष्ठ स्त्रीची मात्र घरातील कामातून पूर्ण निवृत्ती होत नाही आणि त्या कामातील अधिकार मात्र हळूहळू कमी होत जातो. स्वयंपाकघर सुनेच्या पद्धतीने चालू लागते, नातवंडे मोठी झाली की त्यांना आजीची गरज उरत नाही. 'आता आराम करा' असे घरची माणसे प्रेमाने म्हणतात. पण नुसता आराम हा कोणत्याही माणसाला फार काळ पुरत नाही.

येथेच आजच्या अर्थाने छंदाची गरज निर्माण होते. पूर्वी जी कला कामाच्या आश्रयाने जगत होती, तिला आता स्वतंत्र वेळ, स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र सोबत द्यावी लागते. भजनी मंडळ, महिला मंडळाची भुलाबाई-गीतांची स्पर्धा, विणकामाचा वर्ग, वाचनकट्टा ही त्याची साधने होत. वरवर पाहता या हौसेच्या गोष्टी वाटतात. वस्तुतः तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा तो प्रयत्न असतो.

४.२.४ संशोधन काय सांगते?

छंद आणि स्वास्थ्य यांच्या संबंधाविषयी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्यांतील काही अभ्यासांचा परिचय करून घेऊ.

जीन कोहेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह वॉशिंग्टन परिसरातील ६५ वर्षांवरील १६६ व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाने व्यावसायिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमितपणे समूहगायनाचा सराव केला. दुसऱ्या गटाने आपला नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गायन करणाऱ्या गटातील व्यक्तींच्या डॉक्टरांकडील फेऱ्या आणि औषधांचा वापर तुलनेने कमी आढळला, तोल जाऊन पडण्याच्या घटना कमी होत्या आणि एकटेपणाची भावनाही कमी होती. आपल्याकडील भजनी मंडळाचा विचार करताना हा अभ्यास उद्‌बोधक ठरतो. भजनात श्वासावर नियंत्रण असते, पाठांतर असते, ठेका सांभाळावा लागतो, दुसरीचा सूर ऐकून आपला सूर लावावा लागतो आणि ठरलेल्या वारी घराबाहेर पडावे लागते.

२०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षे व त्यावरील ९३,२६३ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. छंद जोपासणाऱ्या व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आरोग्य, आनंद व जीवनाविषयीचे समाधान यांची स्वतः दिलेली पावती अधिक चांगली असल्याचे त्यात दिसून आले. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि युरोपातील बारा देश यांचा त्यात समावेश होता, भारताचा नव्हता.

तिसरा अभ्यास २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० व्यक्तींचा सुमारे चौदा वर्षे मागोवा घेतला असता, संग्रहालय, नाटक, संगीताचे कार्यक्रम यांना काही महिन्यांतून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी कमी आढळला. लक्षात घ्या, हा अभ्यास कला पाहण्या-ऐकण्याविषयीचा आहे. स्वतः कला करण्याविषयीचा नाही. म्हणून हा आकडा विणकामाला किंवा रांगोळीला जसाच्या तसा लावता येणार नाही.

विद्यार्थी म्हणून अशा निष्कर्षांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे पहिली दुसरीचे कारण आहे, असे सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती मुळात बरी आहे, ज्यांच्या हाती पैसा आणि सवड आहे, त्यांनाच छंद जोपासणे सोपे जाते, हेही तितकेच खरे आहे. संशोधक सांख्यिकीय पद्धतींनी असे घटक वगळण्याचा प्रयत्न करतात. तरी संशयाला थोडी जागा उरतेच. 'छंद केला की आजार जातो' असे विधान म्हणूनच अशास्त्रीय आहे. 'छंद हा चांगल्या म्हातारपणाच्या अनेक आधारांपैकी एक आधार आहे' हे विधान अधिक योग्य ठरते. औषध, सकस आहार आणि आर्थिक सुरक्षितता यांची जागा छंद घेऊ शकत नाही.

४.२.५ छंद स्वास्थ्यकारक केव्हा ठरतो?

प्रत्येक कलात्मक कृती मनाला उभारी देतेच असे नाही. त्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

*पहिली अट निवडीची.* छंद स्वतः निवडलेला असावा. 'बसल्या बसल्या नातवाला स्वेटर विणा' या सूचनेत छंदाचा भास आहे. आजींना विणायला आवडत असेल, तर तो आनंद. नसेल, तर ती आणखी एक कामगिरी. त्याचप्रमाणे बचत गटासाठी पापड लाटणे हे उत्पन्नाचे काम आहे. त्याचे मोल मोठे आहे, पण मागणीची घाई असेल तेव्हा त्याला छंद म्हणून गौरवणे हे त्या श्रमांचे मोल कमी करण्यासारखे होईल. छंद सोडून देण्याचे, बदलण्याचे आणि अर्धवट ठेवण्याचेही स्वातंत्र्य हवे.

*दुसरी अट वाढत्या कौशल्याची.* मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने 'फ्लो' (१९९०) या ग्रंथात तल्लीनतेच्या अवस्थेचे विवेचन केले आहे. कामाचे आव्हान आणि आपले कौशल्य यांचा मेळ बसला, की माणूस त्यात रमतो आणि वेळेचे भान हरपते. आव्हान फार कमी असले तर कंटाळा येतो. फार अधिक असले तर धास्ती वाटते. म्हणून ज्येष्ठांना 'काहीतरी सोपे' द्यावे, हा समज चुकीचा आहे. जिने आयुष्यभर बारीक भरतकाम केले, तिला लहान मुलांच्या चित्रांत रंग भरायला देणे हा अवमान ठरू शकतो.

उतारवयात नवे कौशल्य आत्मसात करता येते, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांना औपचारिक शालेय शिक्षण मिळाले नव्हते. विवाहानंतर त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊ लागले. मराठी गद्यातील एक श्रेष्ठ ग्रंथ साठी ओलांडलेल्या स्त्रीच्या हातून सिद्ध झाला. अलीकडचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील फांगणे गावचे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली आणि साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती. अंगठ्याऐवजी स्वतःची सही करता यावी, पोथी स्वतः वाचता यावी, एवढे त्या शिकण्यामागचे मोल पुरेसे होते.

*तिसरी अट सोबतीची आणि दादेची.* कला कोणीतरी पाहावी, ऐकावी, तिच्याविषयी चार शब्द बोलावेत, ही अपेक्षा वयाबरोबर संपत नाही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मानवी जीवनाच्या आठ अवस्था कल्पिल्या. त्यांतील प्रौढावस्थेत पुढच्या पिढीला काही देण्याची ओढ आणि अखेरच्या अवस्थेत आपल्या आयुष्याचा स्वीकार करण्याची गरज त्याने महत्त्वाची मानली. आजीकडून एखादी टाचणी-दोऱ्याची कारागिरी, एखादे गाणे, एखादा पदार्थ नातीने शिकून घेतला, तर या दोन्ही गरजा एकाच वेळी भागतात. येथे दाद म्हणजे निव्वळ 'वा, छान' नव्हे. 'हा टाका कसा घातलास, मला दाखव' ही खरी दाद होय.

या तीन अटींना शरीराच्या मर्यादांची जाणीवही जोडावी लागते. अनेक स्त्रिया भरतकाम सोडून देतात, त्यामागे आवड संपणे हे कारण नसते. सुईत दोरा ओवता येईनासा होतो, हे कारण असते. मोतीबिंदूची तपासणी, योग्य क्रमांकाचा चष्मा, पुरेसा उजेड, पाठीला आधार देणारी खुर्ची, जाड सुई आणि ठळक रंगाचा धागा एवढ्यावर सुटलेला छंद पुन्हा हाती येऊ शकतो. गुडघे दुखत असतील, तर जमिनीवर बसून रांगोळी काढण्याऐवजी पाटावर किंवा टेबलावर ती काढता येते. सांधे आखडत असतील, तर अर्ध्या तासाने हात मोकळे करावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडणे ज्येष्ठांना धोक्याचे असते. म्हणून मंडळाची वेळ सकाळची किंवा दिवेलागणीची ठेवावी लागते.

*आपली प्रगती तपासा – २*
(अ) समूहगायनाच्या अभ्यासातील कोणतेही दोन निष्कर्ष लिहा.
(आ) 'छंद केला की आजार जातो' हे विधान अशास्त्रीय का?
(इ) छंद स्वास्थ्यकारक ठरण्याच्या तीन अटींची नावे सांगा.

४.२.६ वेळ कोणाच्या मालकीचा?

वरील अटी वाचून हा विषय सोपा वाटेल. पण त्याच्या आड एक कठीण प्रश्न उभा आहे. ज्येष्ठ स्त्रीचा वेळ कोणाचा? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, सहा वर्षे व त्यावरील वयोगटात दिवसभरात बिनमोल घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के, तर पुरुषांमध्ये २६.१ टक्के होते. असे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. हे आकडे सर्व वयांचे आहेत. परंतु आयुष्यभर रोज पाच तास घरकामाला दिलेली स्त्री साठाव्या वर्षी अचानक 'माझा वेळ' असे म्हणू शकेल का, हा विचार त्यांतून सुचतो.

पुष्कळ घरांत मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात आणि नातवंडांचा सांभाळ आजीकडे असतो. नातवंडांचा सहवास हे सुखच आहे. तथापि सायंकाळी पाच वाजता भजनाला निघालेल्या आजीला 'आज जाऊ नका, मला उशीर होणार आहे' असे रोजच ऐकावे लागले, तर भजन हळूहळू सुटते. त्यासाठी कोणी भांडत नाही, कोणी मनाई करत नाही. आजीही 'एवढे काय त्यात' म्हणून गप्प बसतात. छंद असाच आवाज न करता सुटतो. आणि तो सुटल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, हे अधिक वाईट.

यात सुनेला दोषी ठरवणे हे प्रश्नाचे उत्तर नव्हे. तिचाही वेळ तिच्या मालकीचा नसतो. घरकाम आणि बालसंगोपन यांची वाटणी घरातील पुरुषांपर्यंत पोहोचल्याशिवाय दोन्ही स्त्रियांपैकी कोणालाच मोकळीक मिळणार नाही. आठवड्यातून दोन सायंकाळी मुलगा किंवा आजोबा नातवाजवळ थांबले, तर आजीचे भजन टिकते. ज्येष्ठ स्त्रीच्या छंदाचा प्रश्न असा अखेरीस कुटुंबातील न्यायाचा प्रश्न ठरतो.

४.२.७ सक्करदऱ्यातील क्षेत्रकार्य

आता तुम्ही स्वतः काय करू शकता, ते पाहू. सक्करदरा किंवा तुमच्या वस्तीतील एका ज्येष्ठ स्त्रीची निवड करा. ती तुमची आजी, शेजारीण किंवा बाजारात भाजी विकणारी मावशीही असू शकते. सवड असलेल्या घरांतच कला असते, असा ग्रह करून घेऊ नका. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत हातमागावर काम केलेल्या कोष्टी व हलबा कुटुंबांतील स्त्रियांनी कांड्या भरण्यासारखी कामे वर्षानुवर्षे केली आहेत. धाग्याविषयीचे त्यांचे ज्ञान पुस्तकात सापडणार नाही.

संवाद साधताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. 'तुमचा छंद कोणता?' असे विचारू नका. 'तुमच्या हाताला काय येते?', 'हे तुम्हांला कोणी शिकवले?', 'शेवटचे कधी केले?', 'मग का थांबले?' असे प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. ते येईपर्यंत घाई करू नका.
२. मुलाखत त्यांच्या सोयीच्या वेळी आणि शक्यतो त्या एकट्या असताना घ्या. घरची मंडळी समोर असली, की उत्तरे बदलतात.
३. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्या. नाव लिहू नका असे त्यांनी सांगितले, तर लिहू नका.
४. गाणे, ओवी किंवा कृती सांगितली, तर त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत लिहा. वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलीतील शब्द प्रमाण मराठीत 'सुधारू' नका.
५. टिपण पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत त्यांना द्या. वाचता येत नसेल, तर वाचून दाखवा.

पाचवी सूचना उपचार म्हणून दिलेली नाही. आपण सांगितलेले कोणीतरी लिहून घेतले आणि परत आणून वाचून दाखवले, हा अनुभव अनेक आज्यांना आयुष्यात प्रथमच येईल. बहिणाबाईंच्या वाट्याला जे आले, त्याचा अल्पसा अंश तुमच्या वहीमुळे आणखी एका स्त्रीच्या वाट्याला येऊ शकेल.

४.३ सारांश

'छंद' या शब्दाच्या मुळाशी इच्छा हा अर्थ आहे. मराठी स्त्रियांची सर्जनशीलता परंपरेने दळण, शिवण, वाळवण, व्रते आणि उत्सव यांत गुंफलेली होती. त्यामुळे तिला छंद हे नाव मिळाले नाही. यंत्रांमुळे कष्ट कमी झाले, परंतु कष्टांच्या आश्रयाने टिकलेली अभिव्यक्ती आणि सोबत यांचा आधार सुटला. छंद जोपासणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तींचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने चांगले असल्याचे विविध देशांतील संशोधन दर्शवते. मात्र त्यातून कार्यकारणाचा निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. निवड, वाढते कौशल्य आणि सोबत या तीन अटी पूर्ण झाल्या, तर छंद स्वास्थ्यकारक ठरतो. या अटी पूर्ण होण्यासाठी ज्येष्ठ स्त्रीला स्वतःच्या मालकीचा वेळ मिळणे आवश्यक आहे, आणि तो देणे ही संपूर्ण कुटुंबाची जबाबदारी आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

स्वास्थ्य : शरीर, मन आणि सामाजिक संबंध यांची समाधानकारक अवस्था.
सर्जनशीलता : नवीन काही घडवण्याची किंवा जुन्याला नवे रूप देण्याची क्षमता.
तल्लीनता : कृतीत पूर्णपणे रमून वेळेचे भान हरपण्याची अवस्था.
सहसंबंध : दोन गोष्टी एकत्र आढळणे, यात एक दुसरीचे कारण असतेच असे नाही.
बिनमोल घरकाम : ज्याचा मोबदला पैशांत मिळत नाही, असे कुटुंबासाठी केलेले काम.

४.५ 'आपली प्रगती तपासा' : उत्तरे

प्रगती – १ : (अ) इच्छा, मर्जी, आवड. (आ) जाते फिरवण्याच्या लयीतून ओवीला लय मिळे. ओवी म्हटल्याने दळणाचे कष्ट हलके होत. (इ) गाण्यांचा साठा जपणारी आणि तो मुलींना शिकवणारी व्यक्ती ही त्यांची भूमिका असते.

प्रगती – २ : (अ) डॉक्टरांकडील फेऱ्या कमी होणे, एकटेपणाची भावना कमी होणे. (औषधांचा वापर कमी होणे, पडण्याच्या घटना कमी होणे हीही उत्तरे योग्य.) (आ) संशोधनात सहसंबंध आढळला आहे, मुळात निरोगी आणि सुस्थितीतील व्यक्तींना छंद जोपासणे सोपे जाते, हाही घटक विचारात घ्यावा लागतो. (इ) निवड, वाढते कौशल्य, सोबत व दाद.

४.६ स्वाध्याय

१. 'स्त्रियांची कला कामापासून वेगळी नव्हती' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ज्येष्ठ स्त्रीच्या छंदाचा प्रश्न हा कुटुंबातील न्यायाचा प्रश्न कसा ठरतो, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.
३. टिपा लिहा : (अ) छंद शब्दाच्या अर्थच्छटा (आ) भुलाबाई (इ) आजीबाईंची शाळा.
४. क्षेत्रीय कार्य : ४.२.७ मधील सूचनांनुसार एका ज्येष्ठ स्त्रीची मुलाखत घेऊन चार ते पाच पृष्ठांचे टिपण तयार करा. तिची कला कोणत्या कारणाने थांबली किंवा टिकली, याचा उल्लेख त्यात अवश्य करा.